साडेसातशेचा लॉजिक ॲनालायझर आणि इचलकरंजीच्या मागांवर हरवलेले इंटरप्ट

पुण्यातल्या बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या एका दुकानातून मी आठ चॅनलचा, 24 मेगाहर्ट्झचा यूएसबी लॉजिक ॲनालायझर घेतला, 750 रुपयांना. वायरींवरचे सिग्नल कधी वर (1) आणि कधी खाली (0) होते ते नोंदवून लॅपटॉपवर दाखवणारं हे यंत्र. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला दहा पिना, सोबत रंगीत वायरींचा झुपका. डबीवर कंपनीचं नाव नाही. दुकानदारानं काउंटरखालून काढून दिली, बिलावर 'लॉजिक ॲनालायझर यूएसबी' एवढंच लिहिलं. वर्षभर वापरून मग लिहायचं ठरवलं होतं, म्हणून आज लिहितेय.

ज्यांना एम्बेडेड लिनक्सवर (यंत्रात बसवलेल्या छोट्या संगणकावरचा लिनक्स) इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरनं 'इकडं बघ' म्हणून प्रोसेसरला मारलेली हाक, चुकण्याचा त्रास होतोय त्यांनी ही डबी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पाचपैकी चार गुण. एक गुण का कापला तेही सांगते. पण आधी ती मला कुठं उपयोगी पडली ते सांगायला हवं, नाहीतर हे नुसतं गुणवर्णन होईल.

आम्ही इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखान्यासाठी पिक मोजायची यंत्रणा बसवत होतो. पिक म्हणजे धोट्याची एक फेरी, कापडात आडवा पडलेला एक धागा. साध्या मागाचा क्रँकशाफ्ट एकदा फिरला की एक पिक. शाफ्टजवळ प्रॉक्सिमिटी सेन्सर लावायचा, फेरीमागे एक पल्स घ्यायचा आणि मोजायचं. ऐकायला एवढं सोपं काम. पण त्या गावात मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते, आणि दर ठरतो इंचामागे किती पिक आहेत त्यावर. 52 पिकांचं कापड असेल तर एका मीटरला 2,047 पिक. म्हणजे आमच्या यंत्रणेनं पल्स गाळला तर तो कुणाच्या तरी कष्टातून गाळला जातो. हे माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होतं, आणि म्हणूनच पहिला महिना आमची यंत्रणा नुसती बाजूला चालवायची, हिशेब जुन्याच पद्धतीनं करायचा, असं कारखानदारांशी बोलून ठेवलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात आठ माग सांभाळणाऱ्या एका अण्णांनी मला बोलावून वही दाखवली. मागावरच्या यांत्रिक काउंटरचे आकडे पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी ते स्वतः लिहून ठेवतात. "मॅडम, तुमचं मशीन कमी सांगतंय बघा. एका पाळीत आठ मीटर कुठं गेलं?" मी आकडे जुळवून बघितले. सगळ्या मागांवर फरक साधारण सव्वादोन ते अडीच टक्के, आणि दरवेळी कमीच. जास्त एकदाही नाही. आठ मागांचे मिळून बारा तासांत आठ मीटर खरोखरच गायब होते. त्यांच्या वहीत चूक नव्हती.

रचना सांगते. सोळा मागांचे सेन्सर 24 व्होल्टचे. ते ऑप्टोकपलरमधून (प्रकाशानं सिग्नल पलीकडं देऊन दोन बाजू विजेनं वेगळ्या ठेवणारा भाग) एका छोट्या मायक्रोकंट्रोलरकडे येतात. तो प्रत्येक पल्सची वेळ आणि मागाचा नंबर अशी नोंद आपल्या 32 नोंदींच्या फिफोमध्ये (आधी आलेली नोंद आधी बाहेर, अशी रांग) टाकतो. फिफोत काहीही असलं की तो इंटरप्टची लाइन लो, म्हणजे खाली, धरतो, फिफो रिकामी झाली की सोडतो. पलीकडे लिनक्सचा बोर्ड, रास्पबेरी पाय कॉम्प्युट मॉड्यूल 4. लाइन लो गेली की माझा ड्रायव्हर (मायक्रोकंट्रोलरशी बोलणारा लिनक्समधला प्रोग्राम) जागा होतो आणि एसपीआयवरून, म्हणजे दोन चिपांमधल्या सीरियल जोडणीवरून, नोंदी वाचून घेतो. माग मिनिटाला दीडशे पिकांनी चालतात, सोळा मागांचे मिळून सेकंदाला 40 पल्स. लिनक्ससाठी हा भार म्हणजे काहीच नाही. त्यामुळंच मला प्रश्न पडला की एवढ्या सुस्त कामात इंटरप्ट चुकतो कसा?

पहिले दोन दिवस मी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतून शोधलं. कर्नल आपली माहिती जिथं दाखवतो त्या प्रॉकमधली इंटरप्ट्सची फाइल बघितली, आकडा व्यवस्थित वाढत होता. लॉगमध्ये 'नोबडी केअर्ड' आलंय का बघितलं. एखादा इंटरप्ट शेवटच्या एक लाख वेळांपैकी 99,900 पेक्षा जास्त वेळा कुणी स्वीकारला नाही, तर कर्नल ती लाइनच बंद करतो आणि तसं लिहून ठेवतो. तसं काही नव्हतं. कर्नलच्याच एफट्रेस या साधनानं इंटरप्ट किती वेळ बंद राहतात ते मोजलं, दोनशे मायक्रोसेकंदांच्या आत. मग 4जी मोडेमवर संशय घेतला, इंटरप्ट प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर हलवला. फरक तसाच. सगळी साधनं चांगली आहेत, मी रोज वापरते. पण ती कर्नलला जे ऐकू आलं तेवढंच सांगतात. जे ऐकूच आलं नाही त्याची नोंद त्यांच्याकडं कुठून असणार? तिथं वायरवर बसून ऐकणारं कुणीतरी तिसरं लागतं. त्या शनिवारी पुण्याला परत आले आणि सरळ तापकीर गल्ली गाठली.

आता वस्तूबद्दल. आत सायप्रेसची एफएक्स2 चिप आहे, यूएसबी 2.0 वाली. आठही चॅनल सेकंदाला 2 कोटी 40 लाख वेळा वाचायचे आणि जसे वाचले तसे लॅपटॉपकडं पाठवायचे, एवढंच ती करते. डबीत साठवणूक जवळजवळ नाही. स्वतःची मेमरी असलेल्या महागड्या यंत्रांपेक्षा हाच मोठा फरक. त्याचा तोटा असा की लॅपटॉप दमला की रेकॉर्डिंग मध्येच थांबतं. फायदा असा की लॅपटॉपच्या मेमरीत मावेल तितका वेळ रेकॉर्ड करता येतं, आणि माझ्यासारख्या कामात, जिथं चूक पंधरा सेकंदांतून एकदा होते, तिथं हाच फायदा निर्णायक ठरला. 24 मेगाहर्ट्झला दोन नमुन्यांमधलं अंतर साधारण 42 नॅनोसेकंद. त्याहून बारीक काही घडलं तर दिसेलच असं नाही.

ही डबी एका नावाजलेल्या परदेशी यंत्राच्या जुन्या मॉडेलची नक्कल आहे. यूएसबीवर ती आपली ओळखही त्याचीच सांगते, 0925:3881. त्या कंपनीचं सॉफ्टवेअर यावर चालवू नका, ते त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी आहे. सिग्रॉक हा मुक्त प्रकल्प आहे, त्याचा पल्सव्ह्यू हा प्रोग्राम वापरा. उवे हर्मान आणि बर्ट फर्म्युलन यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाचं स्वतःचं फर्मवेअर आहे. डबी जोडली की ते तिच्या रॅममध्ये चढतं, आणि काढली की जातं. त्यामुळं दर वेळी जोडल्यावर दोन सेकंद थांबावं लागतं. उबुंटूवर हे फर्मवेअर वेगळ्या पॅकेजमध्ये येतं. ते टाकायचं राहिलं तर पल्सव्ह्यू उघडतो, पण डबी वापरता येत नाही. यूडेव्हचा नियमही (कोणतं उपकरण कुणाला वापरता येईल ते ठरवणारा) तपासा, नाहीतर फक्त रूटलाच, म्हणजे ॲडमिनलाच, दिसते. विंडोजवर झॅडिग वापरून ड्रायव्हर बदलावा लागतो. ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही त्याचा पहिला तास यातच जाईल.

माझा पहिला तास मात्र दुसऱ्याच कारणानं गेला. डबीच्या स्टिकरवर चॅनल 1 ते 8 असे छापलेत, आणि पल्सव्ह्यूत ते डी0 ते डी7 असे दिसतात. मी वायर 1 वर लावून पडद्यावर डी1 बघत बसले होते, आणि डी1 ला काहीच जोडलेलं नसल्यामुळं तिथं शेजारच्या वायरीची सावली दिसत होती. रिकामा चॅनल शांत राहत नाही, काहीबाही दाखवतो. तेव्हा आणल्या दिवशीच स्टिकर खरवडून काढा आणि मार्करनं 0 ते 7 लिहा. खरंच सांगते, हे आधी करा.

सोबत आलेल्या वायरी अगदी सुमार आहेत. पिनांवर सैल बसतात, आणि मागांच्या खोलीत सगळंच थरथरत असतं, त्यामुळं दोनदा ग्राउंड निसटला. ग्राउंड निसटला की सगळ्या चॅनलवर एकदम गवत उगवल्यासारखं दिसतं, ती खूण लक्षात ठेवा. मी वेगळ्या हुकच्या क्लिपा घेतल्या, सिग्नलची वायर आणि ग्राउंडची वायर एकमेकींभोवती पिळून घेतल्या, आणि लांबी वीतभर ठेवली. मोटरींचा गोंगाट निम्म्याहून कमी झाला. एक गुण मी या वायरींसाठीच कापलाय.

आणखी एक, आणि हे जिवाशी संबंधित आहे. डबीला 5 व्होल्टच्या वर काही लावायचं नाही. 24 व्होल्टच्या सेन्सरला थेट लावली तर डबी जाईल, कदाचित लॅपटॉपचा पोर्टही. मी ऑप्टोकपलरच्या अलीकडच्या, 3.3 व्होल्टच्या बाजूलाच हात घातला. शिवाय तिच्यात आयसोलेशन नाही. डबीचा ग्राउंड म्हणजे लॅपटॉपचा ग्राउंड, आणि लॅपटॉप चार्जरला असेल तर तोच कारखान्याचा अर्थिंग. त्यामुळं मागांपाशी मी लॅपटॉप कायम बॅटरीवर ठेवला. यूएसबी आयसोलेटर लावायचा विचार केला होता, पण बाजारात सहज मिळणारे स्वस्त आयसोलेटर 12 मेगाबिटचे असतात, त्यातून सेकंदाला 24 मेगाबाइट जाणं शक्यच नाही.

आता मुख्य गोष्ट. ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ती ही.

इंटरप्ट चुकतोय म्हटलं की तीन शक्यता असतात. हार्डवेअरनं हाक मारलीच नाही. किंवा मारली, पण कर्नलपर्यंत पोचली नाही. किंवा पोचली, पण ड्रायव्हरनं अर्धवट काम करून सोडून दिलं. तिघींची लक्षणं बाहेरून एकसारखीच. त्या वेगळ्या काढायच्या तर लाइन आणि ड्रायव्हर दोन्ही एकाच काळपट्टीवर शेजारी शेजारी दिसायला हवेत. ड्रायव्हर वायरवर कसा आणायचा? बोर्डावरची मोकळी जीपीआयओ पिन (प्रोग्राममधून वर-खाली करता येणारी) घ्यायची. हँडलरच्या (हाकेला उत्तर देणाऱ्या कोडाच्या) पहिल्या ओळीत ती वर करायची, बाहेर पडताना खाली. छापील मजकूर नाही, लॉग नाही, त्यामुळं वेळेवर परिणाम जवळजवळ शून्य. माझ्या ड्रायव्हरचं काम थ्रेडमध्ये, म्हणजे हाक ऐकल्यानंतर वेगळं चालणाऱ्या भागात, चालतं, ही सोय लिनक्समध्ये 2009 पासून आहे. तेव्हा मी दोन पिना घेतल्या. एक कर्नलनं हाक ऐकल्याक्षणी हलणारी, दुसरी थ्रेड काम करत असेपर्यंत वर राहणारी.

डी0 वर इंटरप्टची लाइन. डी1 वर पहिली पिन, डी2 वर थ्रेडची. डी3, डी4, डी5 वर एसपीआयचं चिप सिलेक्ट (वाचन चालू असेपर्यंत खाली राहणारी लाइन), क्लॉक आणि डेटा. उरलेल्या दोनांवर दोन मागांचे ऑप्टोकपलर.

सरळ 24 मेगाहर्ट्झवर सुरुवात करू नका. मिनिटाला 1.44 गिगाबाइट होतात आणि पल्सव्ह्यू गुदमरतो. मी आधी 1 मेगाहर्ट्झवर पूर्ण साठ सेकंद घेतले. या वेगाला एसपीआयचा डेटा वाचता येत नाही, पण लाइन कधी खाली गेली आणि कधी वर आली ते मायक्रोसेकंदापर्यंत कळतं. त्यावर टायमिंग डिकोडर लावला, तो दोन एजमधलं (लाइन वर किंवा खाली होण्याच्या क्षणांमधलं) अंतर लिहून देतो. बाकी सगळीकडं लाइन शंभर-सव्वाशे मायक्रोसेकंद खाली राहून वर येत होती. चार ठिकाणी ती खाली गेली आणि तिथंच राहिली. एकदा 0.6 सेकंद, एकदा 1.3, एकदा 1.7, एकदा जेमतेम 0.2. आणि त्या पूर्ण वेळात डी1 आणि डी2 सपाट.

मला ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. सोळा माग धडधडतायत, मायक्रोकंट्रोलर लाइन खाली ओढून धरून बसलाय, आणि कर्नल गप्प. दोन दिवस ज्याला मी 'इंटरप्ट आला नाही' म्हणत होते, तो आलेला होता, गेलाच नव्हता.

मग नेमका क्षण पकडायचा होता. पल्सव्ह्यूत ट्रिगर, म्हणजे रेकॉर्डिंग कोणत्या क्षणाला धरायचं ती अट, साधा आहे, एज किंवा लेव्हल, एवढंच. 'लाइन एक मिलिसेकंदापेक्षा जास्त खाली राहिली तर' असा ट्रिगर लावता येत नाही. ही उणीव मला जाणवली, पण त्यातून वाट निघाली. आमच्या ड्रायव्हरमध्ये दर दोन सेकंदांनी फिफो तपासणारा एक पोल होता. तो मीच घातला होता, खबरदारी म्हणून. त्याला फिफो भरलेली सापडली तर तिसरी मोकळी पिन हलवायची, असं केलं. एका ऑप्टोकपलरचा चॅनल काढून तिथं ती पिन लावली आणि त्यावर ट्रिगर ठेवला, प्री-ट्रिगर (त्या क्षणाच्या आधीचा भाग) जास्तीत जास्त. वेग 24 मेगाहर्ट्झ. दोन सेकंद मागचं साठवायचं तर 50 मेगाबाइटच्या आत काम होतं, ते लॅपटॉपला सहज झेपतं. यूएसबी हब मात्र काढून टाका, हबवर माझं रेकॉर्डिंग दर वेळी मध्येच तुटत होतं. सरळ पोर्टला लावल्यावर एकदाही नाही.

तिसऱ्या प्रयत्नात पडद्यावर हे आलं. शून्याला लाइन खाली. 11 मायक्रोसेकंदांनी डी1 हलली, म्हणजे कर्नलनं ऐकलं. 46 ला थ्रेड सुरू. 60 ला चिप सिलेक्ट खाली, ड्रायव्हरनं विचारलं, फिफोत किती आहेत? एसपीआयचा डिकोडर उत्तर लिहून दाखवतो: 1. मग ड्रायव्हर ती एक नोंद वाचायला लागला. 83 ला दुसऱ्या मागाचा ऑप्टोकपलर खाली गेला, म्हणजे दुसरी नोंद फिफोत पडली. 97 ला चिप सिलेक्ट वर. ड्रायव्हरनं एक विचारली, एक वाचली, आणि 104 ला थ्रेड संपला. फिफोत अजून एक आहे, म्हणून लाइन खालीच. पुढं काहीच नाही.

कारण या लाइनचा इंटरप्ट मी फॉलिंग एजवर मागितला होता. एजचा इंटरप्ट लाइन वरून खाली येताना होतो. आधीच खाली असलेली लाइन पुन्हा खाली येणार कशी? ती वर जाईल फिफो रिकामी झाल्यावर, फिफो रिकामी होईल ड्रायव्हरनं वाचल्यावर, आणि ड्रायव्हर जागा होईल लाइन वरून खाली आल्यावर. तिघेही एकमेकांची वाट बघत बसलेले. दोन सेकंदांच्या आत तो पोल यायचा, फिफो रिकामी होईपर्यंत वाचायचा, लाइन सुटायची आणि गाडं पुन्हा चालू. मधल्या वेळात 32 नोंदींची फिफो 0.8 सेकंदात भरायची, आणि पुढचे पल्स, जास्तीत जास्त 1.2 सेकंदांचे म्हणजे 48, जमिनीवर. माझ्या खबरदारीच्या पोलनं दोष सावरला नव्हता, झाकून ठेवला होता. तो नसता तर पहिल्या मिनिटाला मोजणी ठप्प झाली असती आणि मला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

टेबलावर का दिसलं नाही, तेही यातच आहे. टेबलावर मी एकच सेन्सर लावून मोटर फिरवत होते. दोन पल्समध्ये 400 मिलिसेकंद. 60 ते 97 या फटीत दुसरा पल्स पडणार कुठून? सोळा माग एकत्र आले, कुणाचाच ताल कुणाशी जुळत नाही, तेव्हा ती सदतीस मायक्रोसेकंदांची फट दर पंधरा सेकंदांना कुणी ना कुणी गाठत होतं.

अशा लाइनला लेव्हल लो हवा, म्हणजे लाइन खाली आहे तोवर हाक चालूच. लेव्हलमध्ये कर्नल काम चालू असताना लाइन झाकून ठेवतो, थ्रेड संपला की उघडतो, आणि ती अजून खालीच असेल तर लगेच पुन्हा हाक लागते. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठं जोडलंय ते लिनक्सला सांगणारी फाइल) फॉलिंग एजचा आकडा 2, लेव्हल लोचा 8. मी आमच्या जुन्या बटणाच्या प्रकल्पातून ती ओळ उचलली होती आणि 2 तसाच राहिला होता. बदलला, बोर्ड पुन्हा चालू केला, साठ सेकंद रेकॉर्ड केलं. चार ठिकाणी लाइन तशीच अडकलेली.

इथं मी खचले असते. पण प्रॉकमधल्या त्या फाइलीत इंटरप्टच्या ओळीच्या शेवटी एज की लेव्हल ते लिहिलेलं असतं, आणि तिथं अजून 'एज' होतं. ड्रायव्हरच्या सी भाषेतल्या कोडातही, इंटरप्ट मागताना, मी फॉलिंगचा फ्लॅग दिलेला होता. कोडातला फ्लॅग डिव्हाइस ट्रीवर मात करतो. तो काढला, वनशॉट (थ्रेड संपेपर्यंत लाइन झाकून ठेवायला सांगणारा फ्लॅग) तेवढा ठेवला, आणि ओळीच्या शेवटी 'लेव्हल' उमटलं. शिवाय थ्रेडमध्ये 'एक विचार, एक वाच' काढून 'रिकामी होईपर्यंत वाच' केलं. पुन्हा साठ सेकंद. लाइन सगळ्यात जास्त खाली राहिली ती 210 मायक्रोसेकंद, तीही दोन मागांचे पल्स लागोपाठ आले तेव्हा. रात्रभर पोलची पिन एकदाही हलली नाही.

पुढच्या पाळीनंतर अण्णांनी वही आणली, आम्ही दोघांनी आठही मागांचे आकडे एकेक करून ताडले. सहा मागांवर पिक न् पिक जुळला. दोन मागांवर एकेक पिकाचा फरक, तो पाळी बदलताना आकडा लिहायच्या क्षणाचा. "आता बरोबर हाय," म्हणाले, आणि वही खिशात घालून कांडी बदलायला गेले. त्यानंतरच मी कारखानदारांना सांगितलं की आता आमचा आकडा धरायला हरकत नाही, पण वही बंद करू नका.

आता डबी कुठं कामाची नाही ते. नेटवर्क कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्कचे इंटरप्ट चुकत असतील तर ती पेटीतच ठेवा. पीसीआय एक्सप्रेसवरचे एमएसआय इंटरप्ट म्हणजे मेमरीत केलेलं एक लेखन असतं, त्याला वायरच नसते. तिथं एफट्रेस आणि चिपची रजिस्टरं एवढंच हाती राहतं.

दुसरं म्हणजे, ही डबी फक्त शून्य आणि एक दाखवते. आमच्याच दुसऱ्या एका बोर्डावर उलट त्रास होता, पल्स जास्त मोजले जात होते. डबीवर सगळं नीटनेटकं चौकोनी दिसत होतं. शेवटी मित्राचा ऑसिलोस्कोप आणला तेव्हा कळलं की 10 किलोओहमचा पुल-अप (लाइन वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) आणि लांब केबल यांच्यामुळं लाइन वर जाताना मायक्रोसेकंदभर रेंगाळते, आणि त्या रेंगाळण्यावर मोटरचा गोंगाट बसला की चिप तेवढ्यात दोनदा मोजते. चढ किती सावकाश आहे हे या डबीला कधीच सांगता येणार नाही. आकडा जास्त येत असेल तर स्कोप मागून आणा. कमी येत असेल तर आधी ही.

महागडं यंत्र घ्यावं का, असं दोन ज्युनिअर मुलांनी मला विचारलं. ज्यांना शंभर मेगाहर्ट्झच्या वर बघायचंय, किंवा ट्रिगरमध्ये 'इतका वेळ लो राहिली तर' असली अट हवी, त्यांनी घ्यावं. इंटरप्ट, एसपीआय, आयटूसी, सीरियल एवढंच असेल तर नको. आयटूसीचा 400 किलोहर्ट्झ हिला खेळ आहे. एसपीआय मी 4 मेगाहर्ट्झपर्यंत खात्रीनं वाचलंय, 8 ला डिकोडर चुका करायला लागला.

वर्षभरात डबी एकदाही बिघडली नाही. यूएसबीचा सॉकेट थोडा हलतो, त्यामुळं केबल टेपनं डबीलाच बांधून टाकलीय. गेल्या महिन्यात त्याच दुकानातून दुसरी आणली, आता 820 सांगितले आणि 800 ला दिली. दुकानदार दादांनी काउंटरवरच लॅपटॉपला लावून बघू दिली, तेवढं मागून घ्याच, कारण वरून दोन डब्या सारख्याच दिसतात आणि आतलं सोल्डरिंग दर खेपेला सारखं नसतं. एक टेबलावर असते. दुसरी, हुकच्या क्लिपा आणि पिळलेल्या वायरींसकट, इचलकरंजीच्या पेटीत ठेवून दिलीय, कारण पुढच्या महिन्यात तिथं अजून बत्तीस माग जोडायचेत.